पुनरुक्ती वगळली आहे

लोकसाहित्याचा पेपर शिकवताना गेली अनेक वर्षे मी एक वाक्य हमखास म्हणत आले आहे : ‘जात्यावरची ओवी म्हणजे आपले ब्लूज.’ वाक्य वर्गात चालते. मागच्या बाकावरची मुलेही ते उतरवून घेतात आणि परीक्षेत ते निरनिराळ्या रूपांत माझ्याकडे परत येते. ‘ओवीला इंग्रजीत ब्लूज असे म्हणतात’ असे एका उत्तरपत्रिकेत वाचल्यावर मी हसले होते आणि खाली लाल रेघ ओढली होती. आता वाटते, चूक त्या मुलाची नव्हती. दोन गोष्टींच्या मध्ये ‘म्हणजे’ ठेवून मोकळे व्हायला मीच त्याला शिकवले होते.

माझे ब्लूजचे ज्ञान पुस्तकी होते, हे आधी कबूल करायला हवे. आमच्या पिढीतील मराठीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतील काळ्यांची ओळख झाली ती दलित साहित्याच्या वाटेने. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव ब्लॅक पँथरवरून आले, हे प्रथम कळते. पुढे जनार्दन वाघमारे यांचे निग्रो साहित्यावरील लेखन हाती पडते. आणि मग वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द दोन्हीकडे सारखेच लागू पडतात असे आपण लिहून टाकतो. ब्लूज त्यातील पहिल्या शब्दाच्या खात्यावर जमा होते. गुलामांच्या वंशजांचे दुःखाचे गाणे. दुःख म्हटले की आमच्याकडे सासुरवाशीण आहेच. समीकरण पूर्ण.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बी. ए. ला मराठी घेतलेला हा मुलगा पुढे ध्वनिमुद्रणाकडे वळला. आता कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळतो. ‘मॅडम, वांद्र्याला ब्लूज फेस्टिव्हल आहे. एक पास जास्तीचा आहे. तुम्ही वर्गात फार बोलायचात त्याच्यावर.’ त्या ‘फार बोलायचात’मध्ये टोमणा नव्हता, तरी मला तो लागला. इतकी वर्षे बोलत आलेली गोष्ट मी समोर बसून एकदाही ऐकलेली नव्हती.

महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल २०११ साली सुरू झाला, आणि हिल रोडवरचा मेहबूब स्टुडिओ हे त्याचे घर. मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारलेल्या या स्टुडिओच्या उंच छताखाली चित्रपटांतली कितीतरी घरे उभी राहिली आणि मोडली. त्या संध्याकाळी तिथे काही हजारांचे तिकीट काढून आलेली मंडळी होती, काळे टी-शर्ट होते, पांढरे झालेले लांब केस मागे बांधलेले गृहस्थ होते. सुती साडी नेसून आलेली बहुधा मी एकटीच. ट्रॅक्टर बनवणाऱ्या उद्योगसमूहाच्या नावाने ब्लूजचा उत्सव भरावा, यात एक गंमत आहे आणि ती तिथे कुणाच्या ध्यानीमनी असेल असे दिसले नाही. १९४४ साली मिसिसिपीत, क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर पेरणीपासून गासड्या बांधण्यापर्यंत कापसाचे अख्खे पीक यंत्रांनी काढले गेले. ट्रॅक्टर आणि वेचणीयंत्रे आली, तशी वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबांची मळ्यावरची गरज संपत गेली आणि आधीच सुरू झालेले उत्तरेकडचे स्थलांतर वाढले. ज्या शिकागो ब्लूजसाठी आम्ही जमलो होतो, ते त्या उठलेल्या माणसांनी शहरात येऊन विजेवर चढवलेले गाणे आहे. अर्थात, हा विचार करत असताना मी फुकटच्या पासावर आत उभी होते, हेही नोंदवले पाहिजे.

पहिल्या सत्रात एक गायिका होती. नाव मला आता आठवत नाही, आठवते ती तिची पद्धत. तिने एक ओळ म्हटली. ओळ संपल्यावर ती गप्प राहिली आणि गिटारने ती रिकामी जागा भरली. मग तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. माझ्यातला उत्तरपत्रिका तपासणारा प्राणी लगेच जागा झाला : पुन्हा तेच. पण आजूबाजूची माणसे कान टवकारून उभी होती. तिसऱ्या खेपेला निराळी ओळ आली, पहिल्या ओळीचा यमकाने निकाल लावणारी, आणि सगळे सभागृह खो खो हसले. मी हसले नाही, कारण मला शब्द नीट कळले नव्हते. पण हसण्याने मी चपापले. दुःखाच्या खात्यावर हसू कुठे मांडायचे?

मध्यंतरात मी त्या मुलाला विचारले. त्याने हातातल्या पाण्याच्या बाटलीवर बोटांनी ठोके देत समजावले. बारा घरांचे एक आवर्तन, प्रत्येक घरात चार ठोके. चार-चार घरांचे तीन भाग, एकेका ओळीला एक. त्या चारांतलीही जवळजवळ निम्मी घरे गळ्याची, उरलेली वाद्याच्या उत्तराची. ‘आणि दुसऱ्यांदा ओळ तीच असते ना मॅडम, पण खालची कॉर्ड बदललेली असते. म्हणून ती तीच लागत नाही. तेवढ्यात गाणाऱ्यालाही पुढचं जुळवायला वेळ मिळतो. जुने लोक तिथल्या तिथे बांधायचे.’ हे मी वाचलेले नव्हते असे नाही. अ-अ-ब अशी ओळींची रचना माझ्या टिपणांत होती. पण कागदावर दोन ‘अ’ शेजारी शेजारी दिसतात आणि डोळा दुसरा ‘अ’ गाळून पुढे जातो. कानाला तशी सोय नाही. त्याला त्या ओळीतून पुन्हा एकदा पूर्ण जावे लागते.

डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराची गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत असे. साधारण १९०३ साली मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत तो पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवू लागला. ‘इथे ब्लूजचा शोध लागला’ असे म्हणून मी गोष्ट संपवीत असे. त्याच प्रसंगातला एक तपशील मी कधीच सांगितला नव्हता : त्या माणसाने एकच ओळ तीनदा म्हटली, असे हँडीने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. शिकलेल्या, नोटेशन जाणणाऱ्या त्या संगीतकाराला ही ओळ तीनदा आली हे लिहून ठेवण्याजोगे वाटले. मला ते सांगण्याजोगे वाटले नाही.

रात्री बडी गाय मंचावर आला. (हे नाव देवनागरीत लिहिताना हसू येते, पण इलाज नाही.) १९३६ साली लुइझियानातल्या लेट्सवर्थ या खेड्यात वाट्याने शेती करणाऱ्याच्या घरी जन्म, लहानपणी कापूस वेचलेला, १९५७ साली शिकागोत दाखल. त्या रात्री तो शहाऐंशी वर्षांचा होता. त्याच्या गिटारवरच्या पांढऱ्या ठिपक्यांमागे आईला मारलेली एक थाप आहे : शिकागोला जातो, पैसे पाठवीन आणि ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन परत येईन. गाडी काही आली नाही. आई १९६८ साली गेली. इतकी करुण सामग्री हाताशी असताना मराठी लेखकाने काय केले असते याची कल्पना करवत नाही. हा गृहस्थ मात्र चावटपणा करत होता, शिव्या देत होता, प्रेक्षकांना गाणे येत नाही म्हणून दटावत होता. मग एकाएकी त्याने आवाज इतका खाली आणला की गिटारच्या तारेवरचे नख ऐकू यावे. एवढी माणसे श्वास धरून उभी. आणि पुढच्याच क्षणी कानठळ्या. एक ओळ तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा अर्धीच म्हणाला आणि उरलेली आमच्यावर सोपवून कानाला हात लावून उभा राहिला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही हिल रोडने स्टेशनकडे चालत निघालो. सेंट पीटर्स चर्च मागे पडले, एल्को मार्केटसमोरची कपड्यांची दुकाने झाकून टाकलेली. पाणीपुरीची वेळ टळून गेली होती. एस. व्ही. रोड ओलांडल्यावर भुर्जी-पावची एक गाडी दिसली आणि दोघांनाही एकदमच भूक लागली. गाडीभोवती रिक्षावाले, एक वॉचमन, ऑर्केस्ट्रातून सुटलेल्यासारखा चमकदार शर्ट घातलेला एकजण. ‘मॅडम, तिखा चलेगा?’ गाडीवाल्याने एका हाताने अंडी फोडून स्टीलच्या ग्लासात टाकली, चमच्याने खडखड फेटली, तव्यावर कांदा, मिरची, टोमॅटो, आणि मग कालथ्याच्या धारेने त्या सगळ्याचा बारीक चेंदामेंदा. कालथा दोनदा भुर्जीवर आणि एकदा रिकाम्या तव्यावर पडे. त्या तिसऱ्या ठोक्याची पाककृतीच्या दृष्टीने काहीच गरज नव्हती. पाव मधून चिरून त्याच तव्यावर मस्क्यात दाबले, आणि कागदावर सगळे हातात आले. इतकी चवदार भुर्जी घरी होत नाही. का होत नाही ते तव्याचा रंग पाहून कळते आणि त्याचा विचार करायचा नसतो.

खाता खाता तो मुलगा शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटबद्दल सांगू लागला. तिथल्या रविवारच्या बाजारात दक्षिणेतून आलेले वादक पदपथावरच उभे राहून वाजवीत. अँप्लिफायरला वीज शेजारच्या दुकानातून किंवा घरातून वायर ओढून घेतलेली. आणि गाण्याच्या अंगावरूनच परतलेल्या कांद्याचा वास : पावात पोलिश सॉसेज, वर तो कांदा आणि मोहरीचा लगदा. पूर्व युरोपातून आलेल्या लोकांचे खाणे आणि मिसिसिपीहून आलेल्यांचे गाणे एकाच फुटपाथवर. १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजार तिथून हलवण्यात आला. ‘म्हणजे हे सगळं असंच, उभ्याने ऐकायचं आणि खायचं गाणं होतं,’ असे म्हणून त्याने आणखी दोन पाव मागवले. मग सहज विचारले, ‘मॅडम, तुम्ही म्हणायचात ना, ओवी म्हणजे आपले ब्लूज. मग ओवीतपण ओळ दोनदा येते का?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘ओवी साडेतीन किंवा चार चरणांची असते. जात्यावरची छापलेली बहुधा दोन ओळींत असते.’

उत्तर बरोबर होते. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. त्याने मान डोलावली आणि तो खाण्याला लागला. मी घास तोंडात धरून उभी राहिले, कारण उत्तर पूर्ण व्हायच्या आत मला आत्याचा आवाज ऐकू आला होता. ती ओळ दोनदा म्हणत असे. प्रत्येक ओळ. आणि हे मला कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे होते, कारण ती दुसरी ओळ मीच खोडलेली होती.

२००३ साली, एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाऊन आत्याच्या ओव्या टेपवर घेतल्या. गावात गिरणी येऊन तोवर कित्येक वर्षे झाली होती. जाते लग्नातली हळद दळण्यापुरते कोपऱ्यातून बाहेर यायचे. मी म्हटले, नुसती बसून सांग. तिला एकही ओवी येईना. ‘हातात खुटा नसला की सुचत न्हाई बघ.’ शेवटी जाते मांडले, पायलीभर ज्वारी घेतली, समोर वहिनीला, म्हणजे तिच्या सुनेला, बसवले. आत्या ओळ टाकायची. वहिनी तीच ओळ उचलायची. तेवढ्यात आत्याचा डावा हात सुपातून मूठ भरून जात्याच्या तोंडात घास घालायचा, आणि घास आत गेला की पुढची ओळ यायची. मला जात्याच्या घरघरीत शब्द ऐकू येईनात म्हणून मी दोनतीनदा ‘जरा हळू फिरवा ना’ असेही सांगितले होते. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या.

टेप तिला ऐकवली तेव्हा ती आधी लाजली, मग म्हणाली, ‘माझा आवाज आसा घोगरा हाय व्हय?’ पण पुन्हा लाव म्हणाली. १९४१ साली मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर अॅलन लोमॅक्सने मडी वॉटर्सचे गाणे मुद्रित करून त्याला ऐकवले, आणि आपला आवाज ऐकून त्याला आपणही हे करू शकतो असा विश्वास आला. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. आत्या कुठे जाणार? ती उठून पिठाची चाळण शोधू लागली. जात्याविषयी तिला तिळमात्र हळवेपणा नव्हता. मी तसे काही सुचवताच म्हणाली, ‘गिरनी आली तवा मी देवाला नारळ फोडला. तुला काय जातंय गानी म्हनायला.’

मुंबईला परत आल्यावर मी ती टेप कागदावर उतरवली. पहिल्या दिवशी सगळ्या ओळी दोनदा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. छापील संग्रह काढून पाहिले, तर तिथे अशा दुहेरी ओळी नव्हत्या. सुबक दोन ओळींच्या ओव्या, क्रमांक घातलेल्या. मग मीही दुसरी ओळ काढून टाकली, ‘गं बाई’ काढले, ओळीच्या मधोमध येणारे हुंकार काढले, आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मोठ्या संशोधकाच्या थाटात टीप दिली : ‘गायनातील पुनरुक्ती वगळली आहे.’ ती टीप लिहिताना मला अभिमान वाटला होता हे स्पष्ट आठवते. म्हणजे वहिनीने गायलेले सगळेच मी वगळले होते. त्या प्रकल्पात तिचे नावही नाही.

साठ मिनिटांची ती कॅसेट पुढे घरातच कुणीतरी सिनेमाची गाणी भरून घेण्यासाठी वापरली. आत्या २०११ साली गेली.

ओवी म्हणजे आपले ब्लूज, हे वाक्य मी त्यानंतर वर्गात म्हटलेले नाही. ते अनेक बाजूंनी लंगडे आहे. ब्लूज शनिवारच्या रात्री पैसे घेऊन, नाचणाऱ्या लोकांसाठी गायले गेले. ओवीला श्रोता नव्हता, असलाच तर भिंतीपलीकडे झोपलेला. ओवीचे खरे नाते शेतात आणि तुरुंगात कुऱ्हाडीच्या ठेक्यावर म्हटल्या जाणाऱ्या श्रमगीतांशी लावता येईल. आंबेडकरी जलशाला तर ब्लूज म्हणणे मला मुळीच मान्य नाही. जलशाला समोरच्या माणसाला कुठेतरी न्यायचे असते, त्याची घाई निराळी आहे. पण या खात्यांच्या भिंतीही फार भरवशाच्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. त्या जलशाच्या खात्यात की जात्याच्या? त्यांतल्या कितीतरी आता पारीच्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. ऐकाव्यात. ओळ परत येते तिथे घाई करून पुढे सरकू नये.

त्या रात्री घरी पोचायला साडेबारा वाजले. हाताला मस्क्याचा वास तसाच होता. माळ्यावरची पेटी दुसऱ्या दिवशी काढली. प्रकल्पाची बांधील प्रत होती, आणि तिच्यासोबत कच्ची वहीही सापडली. तिच्या पहिल्या चार पानांवर ओळी दोनदा लिहिलेल्या आहेत. पाचव्या पानापासून ओळ एकदा आणि पुढे कंसात ‘२’. नवव्या पानापासून तो ‘२’ही नाही. एकूण त्रेचाळीस ओव्या.

रविवारी मी वहिनीला फोन लावला. ती आता साठीला आली आहे. इकडचे तिकडचे झाल्यावर आत्याच्या ओव्यांचे विचारले.

‘मला न्हाई येत वो ताई,’ ती म्हणाली. ‘मला निस्ती उचलायची सवं. टाकायच्या त्या मामी. तुमी म्हना, बघू येतंय का.’

मी वही उघडून पहिली ओळ वाचली. वर्गात वाचते तशीच वाचली, सपाट. पलीकडे काही नाही. पुन्हा वाचली. मग तिकडून, जरा थांबून, ती ओळ आली. माझ्या वहीत नसलेल्या ‘गं बाई’सकट, आणि शेवटचा शब्द माझ्याहून वेगळा. मी पेन्सिल घेतली. त्या दुपारी त्रेचाळीसपैकी अकरा ओव्या तिला उचलता आल्या. बाराव्या ओवीला तिच्याकडच्या कुकरची शिट्टी झाली आणि ‘थांबा वो, गॅस बारीक करून येते’ म्हणून फोन तसाच ओट्यावर ठेवून ती आत गेली.